आबांची वाकडी दुनळी

मी नारायण पेठेत बंदुका दुरुस्त करायचो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हातांकडे, आणि मग हवापाण्याचा विषय काढतो. एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी हे ऐकलं आणि लगेच वाढप्याला हाक मारून, "आधी यांना वाढा," असं बजावलं. त्या दिवशी मला जिलबी मागावी लागली नाही.

वास्तविक माझ्याइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या पेठेत शोधून सापडला नसता. आमच्या घरात झुरळं मारण्याचं खातं पहिल्यापासून माझ्या बायकोकडे, सरोजकडे आहे. दुरुस्त केलेली बंदूक चालते का हे बघायला मी वाळूच्या पोत्यात बार काढायचो, तेवढीच माझी शिकार. वडील खडकीला कारखान्यात फिटर होते. त्यांनी निवृत्त झाल्यावर रीतसर परवाना काढून हे दुकान थाटलं आणि मी त्यात शिरलो. शेजारी एका बाजूला उदबत्त्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पंचांग आणि पोथ्या. मधे आम्ही.

माझा बहुतेक धंदा स्पॅनिश दुनळ्यांचा. दुनळी म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली छर्ऱ्याची बंदूक. इंग्रजी दुनळी संस्थानिकांकडे असायची, तिला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. पाटील, बागाईतदार, वाडीवस्तीवरचे खातेदार यांना परवडायची ती स्पेनची. घडण इंग्रजीची नक्कल, लाकूड अक्रोडाचं आणि अगदी देखणं, पण आतले सुटे भाग मऊ पोलादाचे. स्प्रिंग दमायची, काडतुसावर आपटणारी खीळ बोथट व्हायची. पुढे परदेशी बंदुका येणंच बंद झालं, त्यामुळे जे इथे होतं तेच पिढ्यान्‌पिढ्या वापरायचं होतं. सुटे भाग मागवणार कुठून? मी जुन्या स्कूटरच्या क्लचमधलं पोलाद घ्यायचो आणि कानशीनं घासून घासून खिळी बनवायचो. नळीवर स्पेनमधल्या त्या गावाचं नाव कोरलेलं असे. जन्मभर ते वाचलं, पण त्याचा उच्चार काय हे विचारायला कुणी भेटलं नाही.

लोकांना वाटतं, बंदुका मारामारीत बिघडतात. पुण्यात आणि आसपास बंदुका दोनच गोष्टींनी बिघडतात : निवडणुकीनं आणि भक्तीनं. निवडणूक लागली की सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागतात. तिथे त्या कोपऱ्यात, ओल धरलेल्या भिंतीला टेकून, मतमोजणी होईपर्यंत उभ्या. परत येतात तेव्हा नळ्या तांबड्या झालेल्या असतात. आणि भक्ती म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या शस्त्रांची पूजा करायची. हळदकुंकू लावा, झेंडूचा हार घाला, कुणाची ना नाही. पण आमची गिऱ्हाइकं बंदुकीला पंचामृताचा अभिषेक करत, आणि तोही दोन्ही नळ्यांतून. दूध, दही, तूप, मध, साखर. दसरा सरला की माझ्या दुकानाच्या पायरीवर मुंग्यांची रांग लागायची आणि तिच्या पाठोपाठ गिऱ्हाइकांची. चाप ओढला तर आतून नुसता दह्याचा वास यायचा. मी प्रत्येकाला सांगायचो, "अहो, पूजा बाहेरून करा, देवाला आतलं दिसतं." त्यावर एक पाटील म्हणाले, "आमच्यात आतनंच करत्यात." पुढच्या वर्षी ते पुन्हा आले.

मग अर्थव्यवस्था खुली झाली म्हणतात. माझ्या दुकानात ती जरा उशिरा पोचली, आणि आली ती जीपमधून. हिंजवडीच्या बाजूच्या जमिनी कंपन्यांसाठी गेल्या, आणि बंदुकीच्या ज्या लाकडी दस्त्यांना वर्षानुवर्षं नुसतं तेल चोळलं जायचं त्यांना आता सोन्याचा मुलामा हवा झाला. एकानं दस्त्याला जीपच्या रंगाचा रंग द्या म्हणून जीपच दारात आणून उभी केली. तिकडच्याच एका कंपनीतला मूळचा अमरावतीकडचा मुलगा, पाठीला कॉम्प्युटरची पिशवी लावून आला आणि म्हणाला, "अंकल, आजोबांची गन माझ्या नावावर ट्रान्सफर झालीये. मला नकोय. ही बेसिकली अनइन्स्टॉल कशी करतात?" मी त्याला बसवून चहा पाजला आणि बंदूक परत करण्याची सगळी सरकारी रीत सांगितली. ती ऐकून त्यानं ठेवूनच घेतली.

पण मला सांगायचंय ते आबांच्या बंदुकीबद्दल. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, आणि ते भट्टीत जाता जाता राहिलं.

ज्ञानोबा आबा हिंजवडीचे. ते माझ्याकडे प्रथम आले तेव्हा तिथे अजून ज्वारी उभी असायची आणि कंपन्यांचं नावही नव्हतं. उंच, शिडशिडीत, खांद्यावर स्पॅनिश दुनळी, आणि उजवा डोळा मिटलेला. ज्वारी काढताना तिचं टोकदार ताट डोळ्यात घुसलं होतं. त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून त्यांची मुलगी सुमन चालत होती. लग्नाच्या वयाची, अंगानं दणकट, बोलायला फटकळ.

"पायरी हाय, आबा. आन उजवीकडं खांब," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मिस्त्री, आबांना आता नेम लागत न्हाय. बंदूक नीट करा."

"बंदुकीला काय झालंय?"

"बंदुकीला कायबी न्हाय. डोळा गेलाय. पर डोळा तुमच्याकडं नीट होत न्हाय, म्हून बंदूक आनली."

हे मला पटलं. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, हा शिंप्याच्या कपड्यासारखा असतो. हात किती लांब, मान किती उंच, गाल किती भरलेला, त्यावर त्याची लांबी आणि बाक ठरतो. बंदूक उजव्या खांद्याला लावली की उजवा डोळा आपोआप नळ्यांच्या मधोमध येतो. आबांचा उजवा डोळाच नव्हता. मी म्हटलं, "आबा, सोपं आहे. डाव्या खांद्याला लावा आणि डाव्या डोळ्यानं बघा." त्यांनी करून पाहिलं. रिकाम्या बंदुकीनं त्यांनी माझं भिंतीवरचं घड्याळ पाडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला खांदा बदल म्हणणं म्हणजे जेवायचा हात बदल म्हणण्यासारखं आहे.

राहिला एकच मार्ग. दस्ता इतका वाकवायचा, की तो उजव्या खांद्याला टेकेल आणि नळ्या डाव्या डोळ्यासमोर येतील. असा दस्ता असतो हे मी वडिलांकडून ऐकलं होतं, पाहिला मात्र नव्हता. अक्रोडाचं लाकूड गरम जवसाच्या तेलानं भिजवत भिजवत शिकंज्यात धरून वाकवता येतं, म्हणून मी सरोजची मोठी कढई दुकानात नेली. त्या रीतीनं बाक येतो तो थोडका, आणि मला हवा होता मोठा. दस्ता कडकन मोडला. आता आख्खा नवा कोरणं आलं. कढई मी परत नेली तेव्हा सरोजनं तिचा वास घेतला आणि म्हणाली, "ठेवा दुकानातच. तिच्यात आता बंदुकाच तळा."

काश्मीरहून आलेला अक्रोडाचा ओंडका मिळवला. माप घ्यायला आबांना बोलावलं, त्यांच्या हातात केरसुणीचा दांडा दिला आणि समोर सुमनला उभं केलं. "तिच्या नाकावर नेम धरा," मी सांगितलं. आबा नेम धरत, मी त्यांच्या गालापाशी पट्टी धरून आकडे घेत असे, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं आत बघून चालायचा वेग वाढवत. सरोज डबा घेऊन आली तेव्हा हेच चाललं होतं. तिनं विचारलं, "आबा, पिकात शिरणाऱ्या डुकरांना घालवायला तुम्ही बार हवेतच काढता ना? मग नेम कशाला हवा?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "वैनी, डुकराला कळतं, बंदूकवाल्याला दिसतंय का न्हाय."

"आणि उजवीकडून आलं तर?" मी विचारलं. कारण बंदूक कितीही वाकवली तरी त्या बाजूचं त्यांना काही दिसणार नव्हतं.

"तिकडं सुमी असती की," आबा म्हणाले.

दस्ता झाला. बघायला भयंकर. कुणीतरी बंदुकीवर बसल्यासारखा दिसायचा. पण आबांनी ती खांद्याला लावली आणि नळ्या डाव्या डोळ्यासमोर अशा आल्या, की ते नुसते दुकानातल्या एकेका वस्तूवर नेम धरत राहिले. घड्याळ, कॅलेंडर, पलीकडच्या उदबत्तीवाल्याची टोपी. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता, असं मी घरी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

गावात त्या बंदुकीला सगळे 'वाकडी' म्हणू लागले. आबा वर्षातून एकदा तेलपाणी करायला ती घेऊन यायचे. पुढे सुमनचं लग्न झालं, पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीत. त्यानंतर आबा आले ते दोन्ही बाजूंना मान वळवत, एकटेच पायरी चाचपत. मी विचारलं, "आता उजवीकडचं कोण बघतं?"

"कुनी न्हाय. उजवीकडचं पीक डुकरांना सोडलंय," असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही.

आबांना दोन मुलगे. थोरला बाळासाहेब, धाकटा दत्ता. दोघंही सुमनपेक्षा लहान, म्हणून ती त्यांची आक्का. कंपन्या आल्या, जमिनीचा काही भाग गेला, उरलेल्याला भाव आला, आणि नेमके आबा तेव्हाच वारले. वाटणी सुरू झाली. मुलीनं हक्क सोडायचा ही आपल्याकडची रीत. आक्कानं जमिनीच्या हक्कसोड पत्रावर मुकाट्यानं सही करून दिली. मग भावांनी वावर वाटलं, विहिरीचं पाणी वार लावून वाटलं. बांधावरची चिंच नेमकी मधोमध आली, तर ती कापून लाकडं वाटली. अंगणातून भिंत घातली, ती तुळशीवृंदावनाला वळसा घालून न्यावी लागली. शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं आणि राहिली वाकडी.

परवानाधारक वारला की बंदूक चौकीत किंवा परवान्याच्या दुकानात जमा करावी लागते, ती माझ्याकडे जमा झाली. ती कुणा एकाच्या नावावर करायची तर बाकीच्या सगळ्या वारसांची सही लागते. वारस ठरलेच नाहीत, तर कधीतरी बंदूक सरकारजमा होते. आणि सरकारजमा बंदुका शेवटी वितळवतात.

आधी बाळासाहेब आला. गळ्यात साखळ्या, बोटांत अंगठ्या, दुकानात शिरताना जरा तिरका होऊन शिरला. "काका, सोपं काम हाय. वाकडी सरळ करा, वर सोनं चढवा आन दस्त्यावर माझं नाव टाका. मराठीत."

"आधी लावून तर बघा खांद्याला."

त्यानं लावली. "काका, मला भिंतच दिसती."

"ती तुमच्या वडिलांच्या डोळ्याची आहे."

"मग डोळा बदला," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात दत्ता. हा इंग्रजी शाळेत शिकलेला, कंपन्यांना बसगाड्या पुरवायचा, त्यामुळे बोलणंही तसंच. "काका, प्रॅक्टिकल बोलू. टेन्शन नको. दोन नळ्या आहेत, दोन भाऊ आहेत. तुम्ही तिच्या दोन एकनळ्या करून द्या. फिफ्टी-फिफ्टी. माझीवर दुर्बीण बसवा."

मला खुर्चीवर बसावं लागलं. एक तर असं काही करणं म्हणजे परवाना जाऊन वर तुरुंग. आणि दुसरं म्हणजे दुनळी तशी वेगळी होतच नाही. मी त्याला समजावलं, की बघायला या दोन नळ्या समांतर दिसतात, पण त्या पुढे किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात आणि मधल्या पट्टीनं डाख देऊन जोडलेल्या असतात. म्हणून दोघींचा मारा लांबवर एका जागी पडतो. सोडवल्या तर दोन्ही बिनकामाच्या.

दत्तानं नळ्यांमधून पलीकडे पाहिलं. "म्हणजे दादाशिवाय माझी चालणारच नाही?"

"मी नळीबद्दल बोलतोय," मी म्हटलं.

तो रागावून गेला. त्यानंतर दोघंही दर थोड्या दिवसांनी यायचे, पण कधी एकत्र नाही. एकाची गाडी दारात दिसली तर दुसरा उदबत्तीवाल्याकडे थांबायचा. तो शेजारी मला म्हणायचा, "तुमच्या वाकडीनं माझा खप वाढवलाय." दोघांची तक्रार एकच. आक्का सही देत नाही. बाळासाहेबानं मागितली तरी नाही, दत्तानं मागितली तरी नाही. "जिमिनीवर केली अन् या लाकडावर अडलीय!" बाळासाहेब म्हणायचा. आणि खरंच, मलाही काही कळेना.

वर्षं अशीच गेली. मी दर महिन्याला वाकडी काढून पुसायचो, तेल द्यायचो, परत ठेवायचो. दरम्यान माझ्या हाताला कंप सुटायला लागला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि पेठेत नवी बंदूक घेऊन येणारा कुणी उरला नाही. मुलगा परदेशात, त्याला कानस कशी धरतात हे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. मी दुकान बंद करायचं ठरवलं. परवाना परत करायचा म्हणजे जमा असलेल्या बंदुका परत द्यायच्या किंवा सरकारात भरायच्या. बाकीच्या गेल्या. वाकडी उरली. ती एकदा सरकारी कोठारात शिरली की परत येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. सरोज मला म्हणाली, "जेवत का नाही? घरचं कुणी आजारी असल्यासारखे काय बसलात?" तिला कळलं होतं, पण तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

मग मी माझ्या आयुष्यातली एकमेव शिकार केली. बाळासाहेबाला फोन करून सांगितलं, "दत्ता हक्क सोडतोय असं दिसतं, रविवारी दुकानात या." दत्तालाही तेच, फक्त नाव बदलून. आक्काला मात्र नुसतं या म्हटलं.

आक्का वाघोलीहून दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी आली. केस पिकलेले, चष्मा लागलेला. मग बाळासाहेब पेढे घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ दत्ता, तोही पेढे घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पेढ्यांकडे, मग माझ्याकडे. मी दार आतून लावून घेतलं. बंदुकांच्या दुकानाचं दार लावलं की माणसं फारसा वाद घालत नाहीत, हा एक फायदा.

"आक्का, आज सांगूनच टाक," बाळासाहेब म्हणाला, "तुला सही का द्यायची न्हाय?"

"खरंच आक्का," दत्ता म्हणाला, "तुला गन हवी आहे का? क्लिअर सांग ना."

आक्कानं पदर खोचला. "मला कशाला पायजे? सांगते, ऐका. वावर वाटलं, विहीर वाटली, चिंच बी कापून वाटली. आता दोघांत मिळून असलेली ही एकच वस्तू ऱ्हायली. हिच्यापायी का होईना, माझ्याकडं येताय, मिस्त्रीकडं येताय, दुसरा काय म्हनला ते इचारताय. हिच्यावर सही केली की संपलं. मग एकानं मेल्यावर दुसऱ्याला पेपरात वाचून कळंल. म्हून देत न्हाय सही. आन देनार बी न्हाय. ऱ्हाऊ दे मिस्त्रीकडं, कायमची."

मला फार वाईट वाटलं, कारण आता बोलणं मला भाग होतं. "ताई," मी म्हटलं, "दुकान बंद होतंय. या महिनाअखेरीला मला वाकडी सरकारात भरावी लागेल. ते ती वितळवतील."

आक्का माझ्याकडे बघतच राहिली. हे दुकान कधी बंद होईल असं तिच्या मनातही आलं नसावं. मी वाकडी काढून समोर ठेवली. तिनं त्या बाकावरून हात फिरवला, आबा गाल टेकायचे तिथे. "वितळवत्यात?" ती म्हणाली. "आबांची?" आणि रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो, पण ती रडते हे मला माहीत नव्हतं. तिच्या भावांनाही नसावं, कारण दोघंही एकदम उभे राहिले.

"आक्का, तूच घे," बाळासाहेब म्हणाला.

"मी हेच म्हणणार होतो," दत्ता म्हणाला.

"मग म्हनायचं व्हतं की आधी!"

"तू बोलू देशील तर ना, दादा!"

बऱ्याच वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. त्यावर त्यांचं चांगलं जुंपलं, पार लहानपणीच्या कुठल्याशा पतंगापर्यंत गेलं, आणि मी पेढे उघडले. माझ्या दुकानात मी इतकं गोड भांडण ऐकलं नव्हतं.

आक्कानं डोळे पुसले. "घेते," ती म्हणाली. "पर एक अट. खंडेनवमीला दोघांनी माझ्याकडं यायचं पूजेला. बायकापोरांसकट. आन येताना दोघांनी एकाच गाडीत बसायचं."

"एका गाडीत?" दत्ता घाबरून म्हणाला. हिंजवडी ते वाघोली म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाटेत प्रत्येक चौकात मुंगीच्या पावलानं. सगळा गाड्यांचाच धंदा असल्यानं त्याला ते नेमकं माहीत होतं. तेवढ्या वेळात माणूस वैऱ्याशीही बोलायला लागतो.

"एकाच," आक्का म्हणाली.

परवान्याच्या कचेरीत मी तिघांबरोबर गेलो. भावांनी सह्या केल्या. बाळासाहेबानं स्वतःचं पेन दत्ताला दिलं आणि दत्तानं ते खिशात घातलं. समोरचा कारकून तरुण होता, कंटाळलेला होता. त्यानं पुढे चष्मा लावलेली, नऊवारीतली म्हातारी बघितली, बाजूला ठेवलेली ती मोडक्या मानेची बंदूक बघितली, आणि बोलण्यात जरा अदब आणली.

"आजी, कारण काय लिहू? शस्त्र कशासाठी पाहिजे?"

"म्हंजे?"

"म्हणजे कारण लागतं. इथे दोनच प्रकार चालतात. आत्मसंरक्षण किंवा पीकसंरक्षण. तुम्हाला कशाचं रक्षण करायचंय?"

आक्कानं मागे वळून पाहिलं. बाळासाहेब आणि दत्ता एकाच बाकड्यावर, एकमेकांना चिकटून बसले होते, कारण बाकडं तेवढंच होतं.

"माहेराचं लिवा," ती म्हणाली.

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पीकसंरक्षण लिहा." त्यानं लिहिलं. बाकड्यावरचे दोघं मात्र तोवर खिशात रुमाल शोधायला लागले होते, आणि रुमाल एकाकडेच निघाला.